निवृत्तीनंतर मेडिक्लेम ठेवावा की सोडावा?

ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस आयुष्मान भारत योजना सत्तरी गाठलेल्या प्रत्येकासाठी खुली झाली. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. पहिली बातमी वाचून वाटतं, आता खासगी मेडिक्लेम कशाला हवा? दुसरी वाचून वाटतं, हप्ता उतरलाय तर राहू द्यावा. त्यात रिन्युअलची नोटीस आलेली असते, तिच्यावरचा आकडा महिन्याच्या पेन्शनपेक्षा मोठा असतो, आणि उत्तर द्यायला पंधरा-वीस दिवस उरलेले असतात.

हा निर्णय सगळ्यांसाठी एक नाही. पण त्यातली एक गोष्ट सगळ्यांना लागू पडते: पॉलिसी सोडायला एक दिवस पुरतो, आणि सोडलेली पॉलिसी त्याच अटींवर पुन्हा कधीच मिळत नाही. बाकीचा सगळा हिशोब ही गोष्ट धरून करायचा.

हप्ता भरून काय मिळतं, काय नाही

भिशीत प्रत्येकाचा नंबर कधी ना कधी लागतो आणि भरलेले पैसे हातात येतात. मेडिक्लेम ही अशी भिशी आहे, जिच्यात आपला नंबर लागू नये असंच प्रत्येकाला वाटत असतं. ज्याच्या घरी आजारपण आलं, त्याचं बिल बाकीच्यांच्या हप्त्यांतून भागतं. म्हणून 'दहा वर्षं भरले, एक रुपया परत आला नाही' ही तक्रार समजण्यासारखी असली, तरी पॉलिसी सोडायचं ते कारण होऊ शकत नाही. गेलेल्या दहा वर्षांत काय झालं यापेक्षा पुढच्या दहा वर्षांत काय होऊ शकतं, हे बघायचं असतं, आणि साठीनंतरची दहा वर्षं पन्नाशीतल्या दहा वर्षांसारखी नसतात.

मेडिक्लेम साधारणपणे रुग्णालयात २४ तास किंवा जास्त दाखल झाल्यावरचा खर्च देतो. मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी असे उपचार एका दिवसात आटोपतात, तेही त्यात येतात. दाखल होण्याआधीच्या ३० आणि घरी सोडल्यानंतरच्या ६० दिवसांतल्या तपासण्या आणि औषधं बहुतेक पॉलिसींत धरतात.

न मिळणाऱ्या गोष्टींची यादी मात्र म्हातारपणी जास्त बोचते. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, चष्मा, दाताची कवळी, श्रवणयंत्र, अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ ठेवलेली बाई यांचा खर्च नेहमीच्या मेडिक्लेममध्ये बसत नाही. अनेक घरांत महिन्याचा खरा बोजा याच गोष्टींचा असतो. तेव्हा पॉलिसी असली तरी या खर्चाची सोय वेगळी करावीच लागते.

रुमाल टाकून धरलेली जागा

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. रुमाल उचलला की जागा गेली. मेडिक्लेममध्ये वर्षानुवर्षं भरलेले हप्ते म्हणजे तो रुमाल.

आधीपासून असलेल्या आजारांसाठी नव्या पॉलिसीत प्रतीक्षाकाळ असतो. तेवढा काळ त्या आजाराचा दावा मिळत नाही. एप्रिल २०२४ पासून हा काळ जास्तीत जास्त ३६ महिने आहे, पूर्वी ४८ होता. शिवाय मोतीबिंदू, हर्निया, प्रोस्टेट, गुडघेबदल अशा ठरावीक शस्त्रक्रियांना, आजार आधी नसला तरी, बहुतेक कंपन्या २४ महिने थांबवतात. साठीनंतर नेमकं याच गोष्टींचं काम पडतं.

दुसरी कमाई आहे पाच वर्षांची. पॉलिसी सलग ६० महिने चालली, की 'तुम्ही अमुक आजार लपवलात' असं म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. ठरवून केलेली फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. तिसरी गोष्ट, पूर्वी दावे केलेत म्हणून कंपनी रिन्युअल नाकारू शकत नाही आणि विमा रक्कम वाढवून मागितली नाही तर नव्याने वैद्यकीय तपासणी लावू शकत नाही.

आज ६६ व्या वर्षी मधुमेह आणि एक स्टेंट असलेल्या माणसाने बारा वर्षं जुनी पॉलिसी सोडली, तर हे सगळं त्याच दिवशी संपतं. २०२४ पासून कंपन्यांवरची ६५ ची वयोमर्यादा उठली आहे, पण त्याचा अर्थ प्रत्येकाला पॉलिसी मिळेलच असा नाही. तब्येत बघून प्रस्ताव नाकारण्याचा, हप्ता चढवण्याचा अधिकार कंपनीकडे आहेच.

'पण आता सरकारच ५ लाख देतंय ना?'

देतं, आणि सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाने आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवावंच. वय आधारवरून धरलं जातं, नोंदणी ई-केवायसीने होते, आजार आधीचा असला तरी पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात. खासगी मेडिक्लेम असलेल्यालाही हे कार्ड मिळतं, त्यामुळे कार्डासाठी पॉलिसी सोडायची गरज नाही. केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्ययोजनांत असलेल्यांना मात्र दोन्हींपैकी एक निवडावं लागतं.

महाराष्ट्रात सत्तरीच्या आतल्यांसाठीही वाट आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या शिधापत्रिकेसकट सगळ्या शिधापत्रिकाधारकांना आणि अधिवासी कुटुंबांना लागू आहे, आणि तिची मर्यादाही वर्षाला कुटुंबामागे ५ लाख आहे. साठ ते सत्तर या दहा वर्षांत हिचा विचार करायला बरेच जण विसरतात.

आता मर्यादा. ५ लाख हे कुटुंबाचे आहेत, नवरा-बायको दोघं सत्तरीच्या पुढे असतील तर ते दोघांत मिळून. उपचार योजनेच्या यादीतल्या रुग्णालयातच मिळतात, तेही ठरलेल्या पॅकेजप्रमाणे आणि साधारण वॉर्डात. बाहेरच्या रुग्णालयात पैसे भरून नंतर परत मागायची सोय नाही. रुग्णालय यादीत असलं तरी सगळ्या विभागांसाठी असेलच असंही नाही. हृदयरोगासाठी आहे आणि सांधेबदलासाठी नाही, असं सर्रास असतं.

म्हणून घरबसल्या तर्क करू नये. ज्या रुग्णालयात रात्री दोन वाजता तुम्हाला खरोखर नेलं जाईल, तिथे एकदा दिवसाउजेडी जाऊन आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलावर विचारावं: तुम्ही योजनेत आहात का, कोणकोणत्या विभागांसाठी? आयुष्मानची माहिती १४५५५ या क्रमांकावरही मिळते. उत्तर समाधानकारक असेल आणि साधारण वॉर्डात राहायची तुमची तयारी असेल, तर खासगी पॉलिसीची रक्कम कमी करायला हरकत नाही. तालुक्याच्या गावी राहत असाल आणि जवळचं यादीतलं मोठं रुग्णालय दोन तासांवर असेल, तर त्या कार्डावर एकट्यावर भिस्त ठेवू नये.

'तेच पैसे बँकेत टाकले तर?'

हा आक्षेप मनापासून घ्यायला हवा, कारण काही जणांसाठी तो बरोबर आहे.

समजा दोघांचा मिळून हप्ता ६० हजार, विमा ५ लाखांचा, आणि प्रत्येक बिलातला २० टक्के वाटा तुम्ही द्यायचा. या वाट्याला कोपे म्हणतात. म्हणजे ५ लाखांच्या बिलात कंपनी देणार ४ लाख. ६० हजार दरसाल बाजूला टाकले तर व्याज न धरताही सात वर्षांत ४ लाख २० हजार जमतात. कागदावर बरोबरी झाली. पण आजारपण सातव्या वर्षापर्यंत थांबत नाही. दुसऱ्याच वर्षी बायपास निघाली तर हातात १ लाख २० हजार असतील.

माझं मत असं: केवळ आजारपणासाठी म्हणून आजच १५ ते २० लाख वेगळे ठेवता येत असतील, त्याला घरदुरुस्ती किंवा नातवाच्या शिक्षणासाठी हात लागणार नसेल, आणि मिळणारी पॉलिसी मोठ्या कोपेची आणि महाग असेल, तर पॉलिसीशिवाय चालवणं हा समजूतदार निर्णय ठरू शकतो. निधी ५ लाखांच्या आत असेल तर पॉलिसी सोडू नये. या दोन्हींच्या मधले बहुतेक लोक असतात. त्यांनी दोन्ही थोडं थोडं करावं: लहान पॉलिसी आणि लहान निधी.

निधी कुठे ठेवला हेही महत्त्वाचं. मुदत ठेव ज्याच्या एकट्याच्या नावावर आहे तोच अतिदक्षता विभागात असेल, तर ती मोडणार कोण? संयुक्त नावाची ठेवही मुदतीआधी मोडायला अनेक बँका दोघांच्या सह्या मागतात. एकाच्या सहीने मोडता यावी अशी लेखी सूचना बँकेत आधीच देऊन ठेवता येते का, ते विचारावं. एक मोठी ठेव करण्यापेक्षा लाख-लाखाच्या ठेवी कराव्यात, म्हणजे लागेल तेवढीच मोडते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले पैसे यासाठी धरू नयेत. ती पाच वर्षांची असते आणि आधी काढल्यास रक्कम कापली जाते.

आयकराचा मुद्दा थोडक्यात. जुन्या करप्रणालीत ज्येष्ठांना ५० हजारांपर्यंत हप्त्याची वजावट मिळते. विमा नसलेल्या ज्येष्ठांना तेवढ्याच मर्यादेत औषधोपचाराच्या खर्चाची वजावट मिळते, मात्र तो खर्च रोखीने केलेला नसावा. नव्या करप्रणालीत यातलं काहीच नाही. म्हणजे केवळ कर वाचतो म्हणून पॉलिसी ठेवण्यात अर्थ उरलेला नाही.

कोणाला खरोखर सोडता येते

सीजीएचएसचं पेन्शनर कार्ड असलेला आणि त्याची केंद्रं असलेल्या मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरात राहणारा माणूस, किंवा ज्याच्या जवळ पॉलिक्लिनिक आहे असा ईसीएचएसचा सभासद, यांना खासगी पॉलिसी सहसा दुबार होते. कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयसीत, किमान पाच वर्षं असलेला कामगार वयोमानाप्रमाणे निवृत्त झाला, तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवता येतात. ही सवलत असंख्य कामगारांना कोणी सांगतच नाही, म्हणून ती वाया जाते. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर जरूर सांगा.

या मंडळींनीही शहर सोडून गावी किंवा मुलाकडे जायचा बेत असेल, तर तिथे ही सोय आहे का ते बघूनच पॉलिसी सोडावी.

पॉलिसी असूनही लाख रुपये खिशातून कसे जातात

पॉलिसी ठेवायची की नाही हे तिच्या कागदावरच्या दोन ओळी ठरवतात: खोलीभाड्याची मर्यादा आणि कोपे. एक बिल डोळ्यांसमोर आणू.

विमा ३ लाखांचा. खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३ हजार. रुग्णालयात ३ हजारांची खोली रिकामी नव्हती, म्हणून ६ हजारांची घेतली. चार दिवस मुक्काम. बिल असं: खोली २४ हजार, सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्सिंग, शस्त्रक्रियागृह मिळून १ लाख २० हजार, औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट (शरीरात बसवलेला कृत्रिम भाग) ८० हजार. एकूण २ लाख २४ हजार. विमा ३ लाखांचा आहे, म्हणजे सगळं मिळेल असं वाटतं.

खोली मर्यादेच्या दुप्पट घेतली, म्हणून खोलीचे निम्मे, १२ हजार मिळतात. पण कात्री तिथे थांबत नाही. बहुतेक रुग्णालयांत खोलीचा वर्ग चढला की डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचे दरही चढतात. त्यामुळे कंपनी १ लाख २० हजारांचेही निम्मेच, ६० हजार धरते. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटला ही कात्री लावता येत नाही, ते ८० हजार पूर्ण. बेरीज १ लाख ५२ हजार. त्यातून २० टक्के कोपे, ३० हजार ४००, वजा. हातात आले १ लाख २१ हजार ६००. खिशातून गेले १ लाख २ हजार ४००. हातमोजे वगैरे नाकारल्या जाणाऱ्या किरकोळ वस्तू तर अजून धरल्याच नाहीत.

इथून दोन कामाच्या गोष्टी निघतात. दाखल होताना मर्यादेतलीच खोली मागावी, आणि ती नसेल तर तसं लेखी घ्यावं. शक्य असेल तर साधा वॉर्डही चालवून घ्यावा. आणि औषधं-इम्प्लांट-तपासण्यांना चुकून कात्री लागली असेल, तर दावा मंजुरीचं पत्र घेऊन त्या ओळीवर बोट ठेवून भांडावं. ही चूक होते, आणि दाखवली तर दुरुस्तही होते.

हप्ता झेपत नाही, तर सोडण्याआधी

विमा नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये ठरवलं, की साठी ओलांडलेल्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी नियामकाशी बोलावं. चांगली गोष्ट आहे, पण दरसाल १० टक्केच वाढला तरी आजचे ५० हजार सात वर्षांत ९७ हजारांवर जातात. त्यामुळे यंदा झेपतो का, एवढंच बघून चालत नाही. पंचाहत्तरीत झेपेल का, हेही बघावं.

झेपणार नसेल तर पॉलिसी लहान करता येते. विमा रक्कम १० लाखांवरून ५ वर आणली, तर जुनेपणाचे फायदे त्या ५ लाखांसाठी कायम राहतात. मात्र पुन्हा वाढवायची म्हटलं तर वाढीव रकमेला प्रतीक्षाकाळ नव्याने सुरू होतो.

मोठ्या बिलासाठी सुपर टॉप-अप जोडता येतो. ही वरच्या मजल्याची पॉलिसी आहे. तळमजल्याचा खर्च, समजा ५ लाख, तुम्ही किंवा तुमची मूळ पॉलिसी भरते, त्याच्या वरचा खर्च ही देते. म्हणून ती स्वस्त पडते. फक्त साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत गफलत करू नका. वर्षात ४-४ लाखांची दोन आजारपणं झाली, तर साधा टॉप-अप काहीच देत नाही, कारण एकही बिल ५ लाखांच्या वर गेलेलं नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघतो, ८ लाख, आणि वरचे ३ लाख देतो. त्याचा प्रतीक्षाकाळ वेगळा मोजला जातो, म्हणून आधी तो घ्यावा, चालू व्हावा, मगच मूळ रक्कम कमी करावी.

नवरा-बायकोची एकत्र पॉलिसी असेल तर हप्ता थोरल्याच्या वयावर बेततात. दोघांत सात-आठ वर्षांचं अंतर असेल, तर वेगवेगळ्या पॉलिसींचा भाव नक्की मागवून बघावा.

कंपनी बदलायची असेल तर पोर्टेबिलिटी आहे, म्हणजे प्रतीक्षाकाळाचं साठलेलं पुण्य घेऊन दुसरीकडे जाणं. रिन्युअलच्या किमान दीड महिना आधी अर्ज करावा. नवी कंपनी नाकारू शकते, म्हणून तिचा होकार आणि पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीचा हप्ता थकवू नये. नव्या फॉर्मवर सगळे आजार लिहावेत. 'हे लिहू नका, नाहीतर अडकेल' असं एजंट म्हणाला, तर तो फॉर्म स्वतः भरावा. पुढे दावा अडकला तर सही तुमचीच असते.

नोकरीतला ग्रुप विमा

तो बहुधा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. वीस वर्षं हाच विमा वापरलेल्या माणसाला साठीला नवी पॉलिसी घ्यावी लागते आणि तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ समोर येतो. यावर उत्तम उपाय म्हणजे निवृत्तीच्या चार वर्षं आधी स्वतःची लहान पॉलिसी घेणं, म्हणजे निवृत्तीपर्यंत प्रतीक्षाकाळ सरलेला असतो. ती वेळ गेली असेल, तर दोन महिने आधी कार्यालयातून विमा कंपनीकडे लेखी मागणी करावी, की ग्रुपमधून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचं आहे. कंपनी तब्येत तपासते, पण मान्य झालं तर ग्रुपमधली वर्षं प्रतीक्षाकाळात धरली जातात. निवृत्तांच्या संघटनांमार्फत मिळणाऱ्या सामूहिक पॉलिसीही असतात. त्यांना जीएसटीची नवी सूट लागू झालेली नाही, हे भाव तोलताना लक्षात घ्यावं.

रिन्युअलची नोटीस हातात आल्यावर

पहिल्यांदा नोटिशीवरच्या हप्त्यात जीएसटी धरलेला नाही ना, ते बघा. मग मागच्या वर्षीचा मूळ हप्ता आणि यंदाचा शेजारी ठेवून वाढ किती टक्के ते काढा. पॉलिसीच्या कागदात खोलीभाडं, कोपे आणि मोतीबिंदू-गुडघ्याची वेगळी मर्यादा या तीन जागा पेनने अधोरेखित करा. सोबत मिळणाऱ्या ग्राहक माहितीपत्रात हे दोन-तीन पानांत दिलेलं असतं.

वार्षिक हप्त्याची तारीख चुकली तर ३० दिवसांची सवलत असते आणि त्यात भरल्यास जुनेपणा टिकतो. पण तारीख उलटल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांत दाखल व्हावं लागलं, तर तो खर्च मिळेल असं धरू नका. पॉलिसी घेतल्यावर अटी पटल्या नाहीत, तर नव्या पॉलिसीत ३० दिवसांत परत करता येते.

दाव्यावरून वाद झाला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. कंपनीचा नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, म्हणून नकाराचं पत्र पाकिटासकट जपून ठेवा.

निर्णय कोणताही घ्या, एका कागदावर पॉलिसी क्रमांक, कॅशलेसचा, म्हणजे कंपनीने बिल थेट रुग्णालयाला भरावं यासाठीचा, फोन क्रमांक, खोलीभाड्याची मर्यादा, आयुष्मान किंवा जन आरोग्य कार्ड कुठे ठेवलंय ते, आणि कोणती ठेव आधी मोडायची ते मोठ्या अक्षरांत लिहा. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि जोडीदाराला एकदा तो मोठ्याने वाचायला लावा.